ते दोन निकाल आधी लिही

प्रिय बाळा,

काल फोनवर तू म्हणालीस की आई, माझ्या कोर्टात दोन खटले माझ्या निकालासाठी थांबलेत, युक्तिवाद कधीच संपलेत पण लिहायला बसणंच होत नाहीये. मी नुसतं हं म्हटलं पण रात्री झोप लागली नाही म्हणून लिहितेय.

मी बेंच क्लार्क, म्हणजे न्यायाधीश साहेबांच्या कोर्टातली कारकून, असताना एका खुनाच्या केसमधे युक्तिवाद संपले, साहेबांनी निकालासाठी तारीख दिली, मग पुढची, मग त्याच्या पुढची, रोजनाम्यात, म्हणजे केसच्या रोजच्या नोंदीत, 'निकाल तयार नाही' हे माझ्याच हातानं लिहायचे मी, आणि मग साहेबांची बदली झाली, नवीन साहेबांपुढे युक्तिवाद पहिल्यापासून. आरोपी इतके दिवस आतच. त्याचा म्हातारा बाप पुकारा झाला की मागच्या बाकावरून उठून उभा राहायचा, आणि मेलेल्या माणसाची बायको दुसऱ्या टोकाला बसायची. दोघंही मला एकच विचारायचे, मॅडम, आज होईल का? शेवटी तो निर्दोष सुटला, तोपर्यंत बाप गेला होता.

साक्षीदार येत नाही, समन्स बजावलं जात नाही, लॅबचा रिपोर्ट अडकतो, हे तुझ्या हातात नसतं गं. पण युक्तिवाद संपल्यावरचा उशीर फक्त न्यायाधीशाचा असतो. तिथे दुसरं कोणी नसतंच.

१९७९ साली हुसैनारा खातून केसमधे सुप्रीम कोर्टानं जलद खटला हा संविधानाच्या कलम २१ मधला, म्हणजे जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्कातलाच, हक्क आहे असं सांगितलं, कारण बिहारच्या तुरुंगात असे कच्चे कैदी होते की शिक्षा झाली असती तरी त्याहून कमी दिवस आत काढले असते. आणि २००१ चा अनिल राय केसचा निकाल वाच, पाटणा हायकोर्टानं अपिलाचा निकाल २ वर्षं राखून ठेवला होता, तेव्हा सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की ३ महिन्यांत निकाल नाही आला तर पक्षकार अर्ज करू शकतो आणि ६ महिने झाले तर केस दुसऱ्या बेंचकडे द्या असं मागू शकतो. जुन्या सीआरपीसीत, म्हणजे फौजदारी खटले कसे चालवायचे त्या कायद्यात, निकाल 'नंतर' द्यायची मुभा होती पण दिवसांचा आकडाच नव्हता, आता त्याच्या जागी आलेल्या बीएनएसएस कायद्याच्या कलम ३९२ मधे ४५ दिवस लिहिलेत. तुझे किती झाले, मोजलेस का?

त्या दोनातला ज्याचा आरोपी आत आहे तो आधी घे. या रविवारी मला फोन करू नकोस, लिहायला बस.

तुझी आई