खोक्यावर वॉट छापतात, तार कशाची ते नाही

मा. संपादक,
स. न.

‘हल्ली मशीन टिकत नाही’ ही ग्राइंडर, कटर, ड्रिल अशा हातातल्या मशीनबद्दलची तक्रार सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशनच्या शेडपासून होटगी रोडला फरशी बसवणाऱ्यांपर्यंत सगळीकडे ऐकू येते. तक्रार खरी आहे. पण ‘चायना माल’ म्हणून ती तिथेच सोडली जाते आणि पुढच्या वेळी पुन्हा तसेच मशीन घरी येते. दुरुस्तीला आलेले मशीन उघडल्यावर आम्हा कारागिरांना आत काय दिसते, ते वाचकांसमोर यावे म्हणून हे पत्र.

साधा 4 इंची अँगल ग्राइंडर (चकतीने कापायचे-घासायचे मशीन) घ्या. दोन मशीन, दोन्हींच्या खोक्यावर 850 वॉट, दोन्हींचे मिनिटाला 11,000 फेरे, आणि एकाची किंमत दुसऱ्याच्या निम्मी. वॉट म्हणजे मशीन वीज किती ओढते, एवढेच. त्यातली किती कामी येते आणि किती नुसती तापण्यात जाते, हे त्या आकड्यावरून कळत नाही. बऱ्याच स्वस्त मशीनच्या फील्डमध्ये (मोटारीतली न फिरणारी, बाहेरची गुंडाळी) तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची तार असते. वर तांबूस इनॅमल असल्याने नुसते बघून ओळखू येत नाही. ब्लेडने खरवडले की पांढरी चमक दिसते. तेवढ्याच जाडीच्या ॲल्युमिनियम तारेचा रोध तांब्याच्या साधारण 1.6 पट, म्हणून तेवढ्याच करंटला ती तापतेही 1.6 पट. तार जाड घ्यावी तर खाचेत जागा नसते. गुंडाळीचे तापमान 10 अंशांनी वाढले की इन्सुलेशनचे आयुष्य निम्मे होते, हा मोटारींचा जुना ठोकताळा. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखाली ठेवलेले मशीन बटण दाबण्याआधीच चाळिशीच्या वर असते.

तरीही जळून आलेल्या अनेक मशीनचा खरा गुन्हेगार गुंडाळी नसते, मागचे बेअरिंग असते. 607 किंवा 608 नंबरचे, नाण्याएवढे. त्याला पत्र्याची झाकणे असतील (नंबरापुढे झेडझेड), तर शहाबादी फरशीची पिठासारखी धूळ फटीतून आत जाते. रबरी सील असेल (टूआरएस), तर बरीच अडते. किमतीत फरक थोड्या रुपयांचा. धूळ ग्रीसमध्ये मिसळली की बेअरिंग जड होते. मग ते स्वतः फिरण्याऐवजी प्लॅस्टिकच्या बॉडीतल्या आपल्या घरातच फिरू लागते, घर वितळून मोठे होते, आर्मेचर (मोटारीचा आतला फिरणारा भाग) एका बाजूला झुकते आणि फील्डच्या पत्र्यांना घासते. मग आर्मेचर गेले, फील्ड गेली, बॉडी गेली. गिऱ्हाईक म्हणते, ‘अचानक बंद पडले.’ अचानक नसते ते. त्याआधी कित्येक दिवस मशीन बंद करताना घरघर ऐकू येत असते. त्याच वेळी बेअरिंग बदलले तर मशीन वाचते, फक्त नवीन बेअरिंग टूआरएसच मागून घ्यावे.

कार्बनचेही (फिरत्या आर्मेचरला वीज पोचवणारे, घासून झिजणारे ठोकळे) तसेच. चांगल्या मशीनच्या कार्बनमध्ये स्प्रिंगवरची छोटी इन्सुलेटेड पिन असते. कार्बन झिजला की ती बाहेर येऊन कार्बनला कॉम्युटेटरपासून (आर्मेचरवरची तांब्याच्या पट्ट्यांची कडी, जिच्यावर कार्बन टेकतो) उचलते आणि मशीन थांबते. लोकांना वाटते बिघडले; खरे तर ते वाचलेले असते. साध्या कार्बनला ही सोय नाही. तो संपेपर्यंत चालतो, मग स्प्रिंग कॉम्युटेटरवर घासून चरे पाडते. म्हणून 5-6 मिलिमीटर उरला की दोन्ही बाजूंचे कार्बन एकदम बदलावेत. नवे कार्बन होल्डरमध्ये सैल सरकतात का ते पाहावे आणि काही मिनिटे मशीन बिनभाराने चालवावे.

सगळा दोष कंपन्यांचा नाही, हेही लिहिले पाहिजे. साइटवर मार्बल कटरला 30 मीटरची बारीक वायर जोडतात. 0.75 चौरस मिलिमीटरची खऱ्या तांब्याची वायर असली तरी जाऊन-येऊन 60 मीटर होते, आणि 6 अँपिअरला 8-9 व्होल्ट वायरीतच जातात. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असेल तर त्याहून जास्त. संध्याकाळी व्होल्टेज आधीच पडलेले असेल तर कटर मंदावतो, कारागीर जोर लावतो, करंट वाढतो. आणि मोटार गार ठेवणारा पंखा तिच्याच शाफ्टवर असल्याने वारा मात्र कमी होतो. गार्ड काढून 4 इंचीवर 5 इंची चकती लावणे हा दुसरा प्रकार. त्यात मशीन तर जातेच, चकती फुटली तर डोळाही जातो. लूमच्या कारखान्यांत सुताचे तंतू हवेच्या जाळीत अडकून ब्लोअर गुदमरतात. आठवड्यातून एकदा जाळी बाहेरून झटकली तरी फरक पडतो.

बॅटरीच्या ड्रिलवर तर ‘48’, ‘88’ असे मोठे आकडे रंगवलेले असतात. पॅक उघडला की बहुतेकांत 3.6 व्होल्टचे पाच सेल ओळीने जोडलेले, म्हणजे 18 व्होल्ट! उन्हातून आणलेला गरम पॅक लगेच चार्जिंगला लावू नये; 45 अंशांच्या वर लिथियम सेल चार्ज करणे त्यांना मारक असते. ब्रशलेस (बिनकार्बनच्या) मशीनमध्ये कार्बनची कटकट नाही, हे खरे. पण त्यातला सर्किट बोर्ड रेझिनमध्ये बुडवलेला असतो, दुरुस्त होत नाही, अख्खा बदलावा लागतो.

जुने ते सगळे चांगले होते असे नाही. धातूच्या बॉडीची जुनी ड्रिल मशीन अर्थिंग सुटले की शॉक द्यायची. दुहेरी इन्सुलेशन आले हे चांगलेच झाले (प्लेटवर चौकोनात चौकोन हे त्याचे चिन्ह). गेली ती दुरुस्तीची सोय. ऑनलाइन येणाऱ्या मशीनच्या बॉड्या सारख्या दिसतात, पण शाफ्टची लांबी, गिअरचे दाते, पंख्याचा व्यास वेगळा. बाजारात जुळणारे आर्मेचर नाही, म्हणून दीड किलोचे मशीन एका भागासाठी भंगारात.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली, तेव्हा शेतीची अवजारे, मोबाइल-टॅबलेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही क्षेत्रे प्राधान्याने घेतली. ज्यावर कारागिराची रोजची चूल पेटते, ती हातातली मशीनही त्यात नावानिशी यावीत. खोक्यावर तीन गोष्टी छापणे बंधनकारक व्हावे: तार कशाची, सलग किती मिनिटे चालवायचे, आणि सुटे भाग किती वर्षे मिळतील.

सोलापुरातल्या दुकानदारांना हे होईपर्यंत थांबायची गरज नाही. जे मशीन विकता त्याचे निदान कार्बन आणि आर्मेचर ठेवा, आणि बिलावर मॉडेल नंबर लिहा. ‘ग्राइंडर, 1 नग’ एवढ्या बिलावरून भाग जुळवता येत नाही.

आपले,
पॉवर टूल दुरुस्ती व रिवाइंडिंग करणारे काही कारागीर,
सोलापूर