अस्सल म्हणून विकलेल्या बायबलकालीन नाण्यांच्या संचाबाबत तक्रार

दिनांक : १२ मे २०२५
अहिल्यानगर

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : ‘बायबलकालीन अस्सल नाणी – चार नाण्यांचा संच’ (किंमत रु. ३८,५००) बनावट निघाल्याबाबत, पैसे परत मिळण्याबाबत.

महोदय/महोदया,

वरील संच मी ईस्टरच्या आधी आपल्या संकेतस्थळावरून मागवला. आमच्या मंडळीच्या शब्बाथ शाळेतल्या मुलांना शुभवर्तमानातली नाणी प्रत्यक्ष दाखवावीत, असा विचार होता. जाहिरातीत ‘शंभर टक्के अस्सल, प्रमाणपत्रासह’ असे ठळक अक्षरांत होते. प्रमाणपत्र आले, सोनेरी शिक्क्यासह आले. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार नाण्यांबद्दल आहे.

शिवराई आणि ईस्ट इंडिया कंपनीची नाणी मी बरीच वर्षे जमवतो. रोमन नाण्यांतला मी पंडित नाही, पण ठोकून पाडलेले नाणे कोणते आणि साच्यात ओतलेले कोणते एवढे हाताला कळते.

आधी रोमन सम्राट तिबिर्य कैसराच्या दिनाराबद्दल, कारण संचाची निम्म्याहून अधिक किंमत त्याच एका नाण्याची आहे. कर द्यावा की नाही या प्रश्नावर येशूने नाणे दाखवायला सांगून ‘कैसराचे ते कैसराला’ असे उत्तर दिले, त्या प्रसंगाशी जोडले जाते ते हे नाणे. दर्शनी बाजूला पानांचा मुकुट घातलेले तिबिर्याचे डोके, भोवती ‘दैवी ऑगस्टसचा पुत्र’ अशी लॅटिन अक्षरे. मागे खुर्चीवर बसलेली स्त्री, एका हातात राजदंड, दुसऱ्यात फांदी, बाजूला ‘पाँटिफ मॅक्सिम’ म्हणजे प्रमुख पुरोहित. अस्सल नाणे जवळजवळ शुद्ध चांदीचे आणि साधारण पावणेचार ग्रॅमच्या आसपास भरते. आपले नाणे आमच्या सराफांच्या काट्यावर २.९१ ग्रॅम भरले. झिजून वजन उतरते, मान्य. पण झिजलेल्या नाण्याचे नाक, कान, केस आधी सपाट होतात. इथे नाक टोकदार, केसांची बट न् बट जागेवर आणि अक्षरे मात्र साबणाच्या वडीवरच्या नावासारखी मऊ. कडेला भिंगातून पाहिले तर गोलभर एक बारीक रेघ उठलेली दिसते आणि ती घालवण्यासाठी कानस मारल्याचे ओरखडेही दिसतात. साच्याचे दोन भाग जुळतात तिथे अशी रेघ राहते. ऐरणीवर ठसा ठेवून हातोड्याने पाडलेल्या नाण्याला ती येण्याचे कारणच नाही. त्याच्या कडेला फार तर चिरा पडतात.

सराफांनी नाणे पाण्यात बुडवूनही तोलले. पाण्यात ०.३९ ग्रॅम कमी भरले. म्हणजे घनता साडेसातच्या आत. चांदीची साडेदहा असते. चांदीचा मुलामा दिलेला कुठला तरी हलका मिश्रधातू आहे, हे सांगायला नाणेशास्त्राची पदवी लागत नाही.

एवढ्यावरही मी गप्प बसलो असतो असे नाही, पण संशयाचा फायदा तरी दिला असता. तो दिला नाही, कारण आमच्याच मंडळीतल्या एका गृहस्थांनी आपल्याकडूनच हाच संच घेतला आहे. दोन्ही दिनार शेजारी ठेवले. दोन्हींवर तिबिर्याच्या हनुवटीखाली तीच खळी. दोन्हींवर राजदंडाला मधोमध तोच ओरखडा. दोन्हींची कड डाव्या बाजूला त्याच ठिकाणी आत दबलेली. एकाच ठशाची दोन नाणी असू शकतात, ती अनेकदा सापडतात. पण ठशाखालची धातूची चकती दर वेळी वेगळी पसरते आणि ओरखडे तर ज्याचे त्याला पडतात. सुमारे दोन हजार वर्षे वेगवेगळ्या हातांतून गेलेल्या दोन नाण्यांना एकच ओरखडा कसा पडला, ते कळवावे. फोटो सोबत जोडले आहेत.

आता येशूला वधस्तंभाची शिक्षा देणाऱ्या पंतय पिलात या रोमन सुभेदाराच्या नाण्याकडे वळतो. इथे नाण्याइतकेच प्रमाणपत्रही बनावट म्हणावे लागेल. त्यावर लिहिले आहे : ‘सुभेदार पिलाताचे चित्र व मेंढपाळाची काठी’. पिलाताने काढलेल्या नाण्यांवर पिलाताचे चित्र नाही, नावही नाही. नाव आहे ते तिबिर्य कैसराचे, ग्रीक अक्षरांत. आणि जिला आपण मेंढपाळाची काठी म्हणता ती रोमन शकुन पाहणाऱ्या पुरोहिताची वाकडी काठी आहे. यहूद्यांच्या देशात, यहूद्यांच्या रोजच्या खर्चाच्या तांब्याच्या नाण्यावर पिलाताने मूर्तिपूजकांचे उपकरण छापले. तो माणूस कसा होता, हे त्या एवढ्याशा काठीतून कळते, आणि मुलांना मला नेमके तेच सांगायचे होते. पिलाताची नाणी तिबिर्याच्या कारकिर्दीच्या सोळाव्या ते अठराव्या वर्षातली, म्हणजे इ.स. २९ ते ३२ च्या सुमाराची. त्यांवर वर्ष ग्रीक अक्षरांत दिलेले असते. आपल्या नाण्यावर वर्षाच्या जागी नुसता फुगवटा आहे, बुडबुडा येऊन फुटावा तसा.

तिसरे नाणे रोमन सम्राट वेस्पाशियनचे. त्याच्या ‘यहूदिया’ नाण्यावर विजयचिन्हाखाली बसून शोक करणारी स्त्री आहे. इ.स. ७० मध्ये यरुशलेम पडल्यानंतर रोमने मिरवलेली ही कैद झालेल्या यहूदियाची प्रतिमा. प्रमाणपत्रात तिला ‘वधस्तंभाखाली रडणारी मरिया’ म्हटले आहे. हे वाचून आमचे पाळक साहेब हसले. मला हसू आले नाही. हे नाणेही ओतीवच आहे, कडेची रेघ तशीच.

राहिली विधवेची दमडी, म्हणजे शुभवर्तमानातल्या गरीब विधवेने दानात टाकली ती. न्यायाने बोलायचे तर संचात हे एकच नाणे मला खरे वाटते. अलेक्झांडर जॅनियस या यहूद्यांच्या हास्मोनी घराण्यातल्या राजाचे, एका बाजूला जहाजाचा नांगर, दुसऱ्या बाजूला आठ किरणांचा तारा, वेडीवाकडी चकती, वजन ग्रॅमभरही नाही. ही नाणी ढिगाने सापडतात आणि स्वस्तात मिळतात, त्यामुळे खोटी करण्याचा खटाटोप कुणी फारसा करत नाही. पण त्यावरही ‘प्रभू येशूच्या काळात पाडलेले’ असे छापून ठेवले आहे. जॅनियस इ.स.पू. ७६ मध्ये वारला. नाणे पुढेही चलनात राहिले असेल, म्हणून ते येशूच्या काळात पाडलेले होत नाही.

आपल्या प्रतिनिधींनी फोनवर आणि ईमेलवर दिलेल्या उत्तरांबद्दलही लिहिणे भाग आहे. पहिले उत्तर : ‘प्राचीन वस्तूंमध्ये थोडाफार फरक असतोच.’ दुसरे : ‘प्रमाणपत्र दिले आहे, त्यामुळे परतावा होत नाही.’ तिसरे सगळ्यांत अजब : ‘हा दिनार भारतात सापडलेला आहे, म्हणून घडण वेगळी दिसते.’ तिबिर्याचे दिनार भारतात सापडतात हे खरे आहे. मिऱ्यांच्या व्यापारापायी रोमन चांदी इकडे येत होती, आणि तमिळनाडूत, आंध्र-तेलंगणात ऑगस्टस व तिबिर्याच्या दिनारांचे साठे निघाले आहेत. पण जमिनीतून निघालेले धन १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. तसे कळवल्याचा कागद असेल तर पाठवावा. जाहिरातीत मात्र ‘थेट पवित्र भूमीतून’ असे लिहिले आहे. तिथून पुरातन वस्तू बाहेर नेण्यासाठी इस्रायलच्या पुरातत्त्व खात्याचा परवाना लागतो. तो असेल तर तोही पाठवावा. नाणी कोइमतूरची की यरुशलेमची, हे निदान आपसांत तरी ठरवा.

माझा प्रश्न साधा आहे. नाणी खरी असतील, तर भारतात १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी नाणी विकण्याच्या धंद्याला परवाना लागतो; आपला परवाना क्रमांक कळवा. आणि तो नसेल, कारण ही नाणी जुनी नाहीतच, तर प्रतिकृतीला अस्सल म्हणून पैसे घेतलेत, असे लेखी द्या. ताकाला जाऊन भांडे लपवण्यात काही अर्थ नाही.

यानंतर आपण मला वीस टक्के सवलतीचे कूपन पाठवले, तेही ‘यहूदाचे तीस रुपये’ या नव्या संचावर! यहूदाने येशूला धरून देण्यासाठी घेतलेली ती नाणी म्हणजे सोर शहराचे शेकेल समजले जातात, आणि असे एक शेकेल सुमारे चौदा ग्रॅम चांदीचे असते. आपण देऊ केलेल्या किमतीत अशी तीस नाणी येत असतील, तर ती कशाची असतील याचा अंदाज आता मला आहे. कूपन परत करत आहे.

मागणी अशी : रु. ३८,५०० पूर्ण परत मिळावेत आणि नाणी आपल्या खर्चाने घेऊन जावीत. जॅनियसचे नाणे मी ठेवून घ्यायला तयार आहे. त्याची वाजवी किंमत वजा करायला हरकत नाही, संचाच्या किमतीचा चौथा हिस्सा मात्र नाही. ‘शंभर टक्के अस्सल’ ही जाहिरात काढावी, आणि ज्यांनी हा संच घेतला त्या सर्वांना कळवावे.

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवे. तसे न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून इथल्याच जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते, आणि या रकमेच्या तक्रारीला शुल्कही लागत नाही. दुसरे गृहस्थही तक्रारदार म्हणून यायला तयार आहेत.

उत्तर ईमेलवर आणि लेखीच द्यावे, फोन करू नये.

आपला,
(सही)

सोबत : पावतीची प्रत, प्रमाणपत्राची प्रत, दोन्ही दिनारांचे शेजारी ठेवून काढलेले फोटो, सराफांची वजनाची चिठ्ठी, न वापरलेले कूपन.