शेवटची पेटी पहाटे उघडली

टोरोंटो, २७ जून २०२४

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर मी काय काय बोलले ते मलाच धड आठवत नाही, रात्रभर जागी होते आणि बाबा तुम्ही फोन उचलून "काय गं, बरी आहेस ना" म्हणालात तेव्हा एकदम रडूच आलं, आई जेवून जरा आडवी झाली होती तीपण उठून बसली. तर आधी हे की मी ठणठणीत आहे, नोकरी ठीक आहे, घर ठीक आहे. ते रडू वेगळंच होतं आणि फोनवर सांगता येईना म्हणून हे बसून लिहितेय.

बाबा, सोमवारी मी इलेक्शन ड्युटी केली. तुम्ही आयुष्यभर केलीत ती. मार्चमध्ये सिटिझनशिप झाली तेव्हाच ठरवलं होतं पण तुम्हाला सांगितलं नव्हतं, कारण पासपोर्ट सरेंडर केला म्हटल्यावर तुम्ही फोनवर जे गप्प झालात ते मला दिसत होतं इथून. तुम्ही काही बोलला नाहीत, "बरं बरं, तुझं भलं होवो" एवढंच. पण बेळगाव महाराष्ट्रात जावं म्हणून ज्या घरातल्या तीन पिढ्या मोर्चात गेल्या त्या घरातली मुलगी राज्य सोडा देशच बदलून बसली, हे तुमच्या मनात आलं असणारच, माझ्याही आलं. तेव्हा वाटलं की इथे निदान तुम्ही शिकवलंत ते तरी नीट करावं, रांगेत उभं राहायचं आणि ड्युटी लागली तर चोख करायची.

तर झालं असं की आमच्या मतदारसंघात, टोरोंटो–सेंट पॉल्समध्ये (इथे मतदारसंघाला रायडिंग म्हणतात), पोटनिवडणूक होती. कॅरोलिन बेनेट म्हणून डॉक्टर बाई १९९७ पासून इथल्या खासदार होत्या, लिबरल पक्षाच्या, म्हणजे पंतप्रधान ट्रूडोंच्या. त्यांनी राजीनामा दिला आणि त्या डेन्मार्कला राजदूत म्हणून गेल्या. ही सीट १९९३ पासून लिबरलांकडेच. २०११ ला देशभर त्यांची धूळधाण झाली, ३४ सीटा फक्त, तरी हा गड पडला नाही. २०२१ ला तर बेनेटबाई जवळजवळ दुप्पट मतांनी आल्या होत्या. म्हणजे तुमच्या भाषेत, दगड उभा केला तरी निवडून येईल अशी जागा. यावेळी लिबरलांकडून लेस्ली चर्च, अर्थमंत्री फ्रीलंडबाईंच्या ऑफिसात चीफ ऑफ स्टाफ होत्या त्या, आणि कॉन्झर्वेटिव्हांकडून डॉन स्ट्युअर्ट. त्याचं नाव महिन्याभरापूर्वी आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाला माहीत नव्हतं.

पण लोक चिडलेले होते बाबा. भाडं! आमच्या मजल्यावरची एक आजी, इथे तीस वर्षं राहते, ती म्हणाली आयुष्यभर लिबरलला मत दिलं, आता माझी मुलगी या शहरात घर घेऊ शकत नाही मग मी कुणासाठी देऊ. एग्लिंटन रस्त्यावर २०११ पासून मेट्रोचं काम चाललंय ते अजून संपलेलं नाही, किती दुकानं गेली त्यात. ते काम खरं तर केंद्र सरकारचं नाही, पण रोज धूळ खाणारा माणूस कुठलं सरकार ते विचारत बसत नाही. आणि गाझाच्या युद्धावरून पण, आमच्याकडे ज्यू वस्ती बरीच आहे, दारोदार तोच विषय निघत होता, दोन्ही बाजूंनी.

आता मुख्य सांगते. मतपत्रिकेवर नावं किती होती माहितीये? ८४. चौऱ्याऐंशी! कागद जवळजवळ एक मीटर लांब. ट्रेनिंगला तो पहिल्यांदा उलगडून दाखवला तेव्हा सगळे हसले आणि मला मात्र एकदम १९९६ आठवलं. बेळगाव लोकसभा, ४५६ उमेदवार. मी तेव्हा चौथीत होते. महाराष्ट्र एकीकरण समितीने ठरवलं होतं ना की सीमाभागातल्या मराठी माणसांनी शेकड्याने अर्ज भरायचे म्हणजे दिल्लीला तरी कळेल इथे काय चाललंय, आणि धाकटा काका अर्ज भरून पेढे घेऊन आला होता, डिपॉझिटचे ५०० रुपये आजीने तिच्या डब्यातून काढून दिले होते. तुम्ही त्याच्यावर खूश होतात पण तुमची ड्युटी लागलेली, त्यामुळे घरात एक अक्षर बोलायचं नाही असा तुमचा नियम, आणि काका मुद्दाम तुमच्यासमोर बसून बोलायचा. नंतर सरकारने डिपॉझिट वाढवून १०,००० केलं, परत असं कुणी करू नये म्हणून.

इथे उलटं झालंय. इथे १,००० डॉलर डिपॉझिट असायचं, ते २०१७ ला कोर्टाने काढून टाकलं, पैसे नाहीत म्हणून कुणाचा उभं राहायचा हक्क जाऊ नये. आता शंभर मतदारांच्या सह्या आणल्या की झालं. याचाच उपयोग करून एका गटाने यातले बहुतेक उमेदवार उभे केले. त्यांचं म्हणणं असं की ज्याला सगळ्यात जास्त मतं तो जिंकला ही पद्धत बरोबर नाही, उरलेल्यांची मतं वाया जातात, आणि निवडणुकीचे नियम निवडून आलेल्या लोकांनी नाही तर सामान्य नागरिकांच्या सभेने ठरवावेत. ट्रूडोंनी २०१५ ला शब्द दिला होता की या पद्धतीने होणारी ही शेवटची निवडणूक, आणि २०१७ ला तो मागे घेतला, तो राग आहे त्यामागे. माझ्यासोबत टेबलावर एक रिटायर्ड बाई होती, ती दिवसभर या लोकांना नावं ठेवत होती, कागदाची नासाडी, म्हाताऱ्या लोकांचे हाल. ती चुकीचं बोलत नव्हती. पण मला त्यांना नावं ठेवता येईनात. आपण पण हेच केलं होतं ना? ऐकत नाहीत म्हणून कागद लांब केला होता.

हाल झाले हे खरंच. एका चर्चच्या (प्रार्थनाघराच्या) तळघरातला हॉल, सकाळी साडेआठ ते रात्री साडेआठ मतदान. कागद देताना मागे आपली इनिशिअल करायची, घडी घालून द्यायचा, मतदार पुठ्ठ्याच्या आडोशामागे जाऊन पेन्सिलने गोलात फुली करतो, परत घडी करून आणतो, मग इनिशिअल बघून आपण नंबराची पट्टी फाडायची आणि तो पेटीत टाकतो. साधा कागद असला तर अर्ध्या मिनिटाचं काम. हा कागद आडोशातून बाहेर लोंबायचा. एक आजोबा आले, नव्वदीचे असतील, हात थरथरत होते, मी भिंग दिलं, त्यांनी कागद टेबलावर लोळवला आणि एकेका नावावर बोट ठेवत वरपासून खाली वाचत गेले. नावं आडनावाच्या अक्षराप्रमाणे, म्हणजे लेस्ली चर्च वरच्या भागात आणि स्ट्युअर्ट पार खाली. मागे रांग लागली. कुणी हूं की चूं केलं नाही. आजोबांनी फुली केली, घडी काही नीट जमेना, तर मी त्यांना सांगितलं की मत आत राहील अशी दुमडा, मी बघत नाही, आणि पाठ करून उभी राहिले. पेटीत टाकल्यावर त्यांनी पेटीच्या झाकणावर दोनदा थापटलं.

साडेआठला दार बंद आणि मोजणी तिथेच, त्याच टेबलावर. बाबा, इथे पेट्या कुठे मोठ्या सेंटरला नेत नाहीत, ज्याने दिवसभर मतं घेतली तोच मोजतो. एकेक कागद काढायचा, उलगडायचा, मोठ्याने नाव वाचायचं, पक्षाच्या माणसांना दाखवायचा, आणि शेजारची त्या नावापुढे काडी ओढते. पक्षांचे दोघेजण समोर उभे, दोघंही कॉलेजातली पोरं, दिवसभर उपाशी. काड्यांचा तक्ताच केवढा मोठा. उलगडताना कागद हातातून घसरायचा, बोटांच्या कडा कापल्या माझ्या. चर्च, स्ट्युअर्ट, स्ट्युअर्ट, चर्च, मध्येच एनडीपी या तिसऱ्या पक्षाची पारहार, आणि मग एक असं नाव आलं जे मी आधी कधी वाचलंच नव्हतं. त्या ८४ मधलं. मी ते हळू वाचलं, दोनदा वाचलं. शेजारचीने तक्त्यावर शोधून त्याच्यापुढे एकच काडी मारली. त्या माणसाला आमच्या पेटीत तेवढंच एक मत. बाबा, मला तेव्हा काका दिसला. आजी दिसली, निकालानंतर ती सगळ्यांना विचारायची आमच्या पोराला किती पडली, आणि कुणी सांगत नव्हतं तिला, हसण्यावारी न्यायचे. बेळगावात तेव्हा कुणीतरी असंच त्याचं नाव मोठ्याने वाचलं असेल ना? मी मान वर करून त्या दोन पोरांना विचारलं, दिसलं ना नीट, आणि ती म्हणाली हो. त्याच्या नावाचं वेगळं पाकीट करून तो एक कागद त्यात घातला. इतकं मन लावून मी ऑफिसचं पण काम करत नाही.

आमचं संपायला एक वाजला. घरी येऊन टीव्ही लावला तर चर्च पुढे, आणि रात्रभर थोड्या थोड्या मतांनी पुढेच. मी अंघोळ केली, चहा केला, आईच्या कुंद्याचा शेवटचा डबा उघडला. तीन वाजले तरी मोजणी चालूच, आणि राहिल्या होत्या त्या आगाऊ मतदानाच्या पेट्या. इथे आधीच्या आठवड्यात चार दिवस आगाऊ मतदान असतं, १४ ते १७ जून, ज्यांना त्या दिवशी जमणार नाही त्यांच्यासाठी. त्यात भरपूर मतं पडलेली आणि प्रत्येक कागद एक मीटरचा, म्हणून त्या सगळ्यात शेवटी. आणि बाबा, माझं मत त्यातच होतं. मी शनिवारी १५ तारखेला जाऊन टाकून आले होते, निळा कुर्ता घालून, कारण तुम्ही मतदानाला नेहमी इस्त्रीचा शर्ट घालून जाता. माझ्या आयुष्यातलं पहिलं मत. अठराची झाले तेव्हा पुण्याला हॉस्टेलवर, मग इकडे, बेळगावच्या यादीत नाव असून कधी टाकताच आलं नाही, त्याची बोच होती.

चारच्या सुमारास आकडा फिरला. स्ट्युअर्ट पुढे. साडेचार वाजून गेले तेव्हा जाहीर झालं, ५९० मतांनी स्ट्युअर्ट निवडून आला. तीस वर्षांचा गड त्या शेवटच्या पेट्यांनी पाडला. मतदान ४३ टक्के, पोटनिवडणुकीला ते बरंच म्हणायचं. ८४ मधल्या एकाला शून्य मतं पडली, एकही नाही. मी मत कुणाला दिलं ते सांगत नाही, तुम्हीच शिकवलंय की बायकोलापण सांगायचं नसतं, पण माझा कागद कुणीतरी पहाटे झोपेने लाल झालेल्या डोळ्यांनी उलगडला, वाचला, दाखवला, मोजला, हे मला माहीत आहे. कारण काही तासांपूर्वीपर्यंत मी स्वतः तेच करत होते. ते सुचलं तेव्हा तुम्हाला फोन लावला. तुमच्याकडे दुपारचे दोन वाजून गेले होते.

इथे आता सगळीकडे चर्चा चालू आहे की ट्रूडोंनी जावं का राहावं. निकाल हवा तसा लागला नाही हे त्यांनी मान्य केलंय पण जायचं नाव काढत नाहीत. ते काय व्हायचं ते होईल. मला ते ४ जूनचं, लोकसभेच्या निकालाचं आठवत होतं, तुम्ही रात्री फोन करून सांगत होतात की मुंबई उत्तर-पश्चिमला वायकर कीर्तिकरांपेक्षा ४८ मतांनी आले, अवघी ४८, एका गल्लीची मतं, आणि तुमचा आवाज कसा चढला होता. कोण जिंकलं यापेक्षा त्या ४८ आकड्यानेच तुम्ही हलला होतात. तेव्हा मी म्हटलं झोपा आता, उशीर झालाय. सॉरी बाबा, मला तेव्हा कळलं नव्हतं.

आई, माझ्या बोटांना तूप लावलंय, काळजी करू नको. कुंदा संपला, कुणी येणार असेल तर पाठव. तिकडे पाऊस लागला असेल, माळ्यावरचं पत्र्याचं बघून घ्या, बाबा तुम्ही स्वतः चढू नका, पोराला बोलवा.

आणि एक काम करा. काका रविवारी येईल तेव्हा त्याला विचारा १९९६ ला त्याला किती मतं पडली होती. तो आकडा त्याला नक्की पाठ असणार. मला लिहून पाठवा.

तुमची,
मनू