जावळाच्या आधी

कोल्हापूर,
३ फेब्रुवारी

प्रिय दिन्या,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी गंगावेशीत दूधकट्ट्यावर उभा होतो. शेजारी म्हैस, हातात फेसाळ ग्लास आणि कानात तू. निम्मं ऐकू आलं, निम्मं म्हशीनं खाल्लं. पण एवढं कळलं की बाळाचं जावळ जोतिबावरच काढायचं, तेही चैत्र पौर्णिमेच्या यात्रेतच, आणि "ते नऊ महिन्यांचं गोवराचं इंजेक्शन यात्रा झाल्यावर बघू, उगाच पोराला ताप नको." मी "बरं" म्हणालो. घरी येईपर्यंत ते "बरं" घशात अडकलं. फोनवर तू कुणाला बोलू देत नाहीस, म्हणून लिहायला बसलोय.

गेल्या वर्षीचं मी तुला अर्धंच सांगितलं होतं. चिऊला गोवर आला, बरी झाली, एवढंच. उरलेलं लाजेपोटी गिळलं.

चिऊचं लसीकरणाचं कार्ड कपाटात साड्यांच्या खाली असतं. सगळे रकाने शाईनं भरलेले. पोलिओ, पेंटा, नऊ महिन्यांचा गोवर-रुबेलाचा पहिला डोस. त्याखालचा दुसऱ्या डोसचा रकाना मात्र रिकामा, आणि बाजूला सिस्टरनी पेन्सिलीनं लिहिलेली तारीख. हा डोस १६ ते २४ महिन्यांत घ्यायचा असतो. ती तारीख नेमकी नवरात्रात आली. चिऊचं नाक वाहत होतं. सिस्टर म्हणाल्या, साध्या सर्दीला काही होत नाही, घेऊन या. आई म्हणाली, शेंबडात सुई नको. मी आईचं ऐकलं, कारण त्या दिवशी मलाही कामावरनं निघायचा कंटाळा आला होता. मग दिवाळी, मग हे, मग ते. पेन्सिलीची तारीख पुसट होत गेली.

खरं सांगू? मला वाटायचं दुसरा डोस म्हणजे जेवणावरचं पान. मिळालं तर बरं, नाही तर पोट भरलेलंच आहे. तसं नसतं भावा. आईकडून बाळाच्या रक्तात आलेलं संरक्षण काही महिने टिकतं, आणि ते असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही. म्हणून आपल्याकडे नऊ महिने पूर्ण व्हायची वाट बघतात. तरीही त्या वयात पहिला डोस १०० पैकी साधारण ८५ पोरांनाच लागतो. उरलेली १५ कोणती, ते कपाळावर लिहिलेलं नसतं. दुसरा डोस त्यांच्यासाठी. दोन्ही झाले की १०० पैकी ९७ सुरक्षित. आमची चिऊ त्या १५ मधली निघाली.

मे महिन्यात चुलत मेहुणीचं लग्न होतं. मंगल कार्यालय खचाखच, एसी चालू म्हणून खिडक्या बंद. वरपक्षाकडचं एक पोरगं डोळे लाल, नाक गळतंय असं खोलीत झोपवलेलं होतं. त्याला दुपारी घरी नेलं. तासाभरानं चिऊनं बासुंदी अंगावर सांडली आणि हिनं तिला त्याच खोलीत नेऊन कपडे बदलले. पाच मिनिटं. त्या पोराला चिऊनं पाहिलंसुद्धा नाही. पण गोवराचा माणूस निघून गेला तरी विषाणू बंद खोलीत दोन तासांपर्यंत हवेत राहतो. शिवायला लागत नाही, ताटाला ताट लागायला लागत नाही. नुसता श्वास पुरतो. संरक्षण नसलेली दहा माणसं अशा रोग्याजवळ राहिली, तर नऊ जणांना होतो. त्या पोराच्या अंगावर पुरळ चार दिवसांनी आलं. म्हणजे लग्नात कुणाला शंका यायचंही कारण नव्हतं. पुरळाच्या चार दिवस आधीपासूनच तो पसरतो, हीच त्याची लबाडी.

दहाव्या दिवशी चिऊला ताप. खोकला, डोळे असे लाल की उजेड नको म्हणायची. आम्ही म्हटलं, ऊन लागलं. कोकम, कांद्याचा रस, सगळं झालं. चौथ्या दिवशी सकाळी हिनं वेणी घालताना कानामागं बघितलं आणि मला हाक मारली. केसांच्या कडेनं तांबडे ठिपके, संध्याकाळपर्यंत तोंडभर, दुसऱ्या दिवशी पोटावर. आईनं कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवला, घरात फोडणी बंद केली आणि बजावलं, "डॉक्टरकडं नेऊ नका, गोवर पोटात जाईल, बाहेर येऊ दे सगळा." आईचा राग नाही मला. तिच्या लहानपणी हेच औषध होतं, आणि तिची एक बहीण त्यातच गेली. पाला राहू दिला. पोरीला उचललं आणि डॉक्टरकडं गेलो.

डॉक्टरांनी बॅटरी लावून गालाच्या आत बघितलं. मलाही दाखवलं. दाढेजवळ तांबड्या कातडीवर मिठाचे कण पडल्यासारखे पांढरे दाणे. मग अ जीवनसत्त्वाचा डोस पाजला, दुसऱ्या दिवशी पुन्हा एक. गोवरात शरीरातलं हे जीवनसत्त्व झपाट्यानं संपतं आणि डोळ्यांवर बेततं, म्हणून. विषाणूवर थेट औषध नाही. आणि मग त्यांनी विचारलं, "घरात नऊ महिन्यांच्या आतलं बाळ कुणी?"

आमच्या वरच्या खोलीत भाडेकरू आहेत. त्यांचं बाळ तेव्हा सात महिन्यांचं. चिऊला ताप आल्या दिवसापासून त्याची आईच तिला मांडीवर घेऊन बसत होती, हिला स्वयंपाक करता यावा म्हणून. दोन्ही पोरं एका चटईवर. संपर्कानंतर ७२ तासांत लस दिली तर कधी कधी आजार टळतो, असं डॉक्टर म्हणाले, आणि बोटांवर दिवस मोजले. चौथा दिवस होता.

दीड आठवड्यानं वरून खोकला ऐकू यायला लागला. मी रात्री जिन्यात उभा राहून ऐकायचो. बाळाला पुरळ आलं आणि त्यातच न्यूमोनिया झाला. सहा दिवस दवाखान्यात, नाकाला ऑक्सिजनची नळी. त्याचा बाप मला बाहेर बाकावर भेटला तेव्हा "दादा, तुमची चिऊ कशी आहे?" असं त्यानं विचारलं. त्या माणसानं मला शिवी घातली असती तर बरं झालं असतं. बाळ बरं झालं. आता पळतंय. त्याला लसीचं वयच नव्हतं रे, त्याचा आडोसा आमचीच पोरगी होती, आणि आडोशाला भोक मी ठेवलं होतं.

चिऊ बरी झाली तरी अख्खा पावसाळा तिचं काही ना काही चालू होतं. कधी कान फुटला, कधी जुलाब. गोवर शरीराची जुन्या आजारांची आठवणच पुसून टाकतो, शिकलेलं परत शिकावं लागतं, असं डॉक्टर म्हणाले. आशाताई घरी येऊन गल्लीतली सगळी कार्डं तपासून गेल्या. आमच्यासारखे रिकामे रकाने आणखी निघाले. आमच्या भागात ऊसतोडीला येणाऱ्यांच्या पोरांचे डोस राहतात तेव्हा आपण नाकं मुरडतो. त्यांना निदान सहा महिने गाव सोडायचं कारण तरी असतं. गोवर होऊन गेला तरी चिऊचा राहिलेला डोस नंतर दिला, रुबेलाची लसही त्यातच आहे म्हणून.

आता वहिनींची शंका. लसीनं पोरं स्वमग्न होतात, असा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर फिरतोय म्हणालास. ते मूळ इंग्लंडातलं. वेकफिल्ड नावाच्या डॉक्टरनं १९९८ साली लॅन्सेट नावाच्या डॉक्टरी नियतकालिकात बारा पोरांवरचा एक लेख छापला. त्यात लबाडी निघाली, २०१० साली लेख मागं घेतला गेला, आणि त्याचा डॉक्टरीचा परवानाही गेला. नंतर लाखो पोरांवर तपासून झालं, संबंध सापडला नाही. अफवेला मात्र परवाना लागत नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात शाळाशाळांतून ही लस दिली तेव्हा माझा पुतण्या चौथीत होता. त्या दिवशी अर्धा वर्ग "पोटात दुखतंय" म्हणून घरी. आणि २०२२ ला मुंबईत गोवंडीत गोवराच्या साथीनं काय झालं, ते तू पेपरात वाचलंच असशील. बाकी तू तर पुण्यात राहतोस, ही लस तुझ्या हडपसरलाच बनते. तिथनं जगभर जाते आणि तुझ्या पोरापर्यंत पोचत नाही, हा कसला न्याय?

यात्रेचं म्हणशील तर मी नको म्हणत नाही. सासनकाठ्या नाचताना, गुलालानं डोंगर गुलाबी झालेला, "चांगभलं"चा कल्ला, हे पोरानं बापाच्या खांद्यावरनं बघायलाच हवं. डोंगरावर वारा असतो, तिथली मला तेवढी काळजी नाही. पण तुम्ही राहणार गुरवांच्या घरी. एका खोलीत चार गावची बिऱ्हाडं, पोरं एका रांगेत झोपवलेली, दार थंडीवाऱ्याला बंद. मग एसटीत पुन्हा तेच. कुणाचं पोर कालपासून शिंकतंय, हे कुणाला ठाऊक?

तर असं कर. बाळाला या महिन्याच्या २० तारखेला नऊ महिने पूर्ण होतात, मी मोजलंय. त्या आठवड्यातच डोस दे. लस अंगात मुरायला दोनेक आठवडे लागतात, यात्रेपर्यंत भरपूर वेळ आहे. सरकारी केंद्रात फुकट आहे, पण ठरलेल्या वारीच जा. ती भुकटी पाण्यात कालवून बाटली उघडली की चार तासांत संपवायची असते, म्हणून एकट्या पोरासाठी सहसा फोडत नाहीत. सुई उजव्या दंडावर. आठवड्याभरानं थोडा ताप, एखादं पुरळ येऊ शकतं, घाबरू नका. आणि तरी भीती वाटली, तर जावळ यात्रेनंतरच्या कुठल्याही रविवारी काढू. रविवार देवाचाच. अकरावा महिना चालू असेल, विषमच आहे, तुझ्या आईचीही तक्रार नको.

रहायला आमच्याकडेच या. तांबडा-पांढरा हिच्या हातचा. वरच्या बाळाशी तुझं बाळ खेळेल, दोघांच्या वयात फार फरक नाही.

डोस झाला की कार्डाचा फोटो पाठव. तो रकाना शाईनं भरलेला दिसला पाहिजे.

तुझा,
बाळ्या

ता. क. वहिनींना सांग, चिऊ अजून कडुलिंबाला "माझा पाला" म्हणते.