हैदराबाद एका रात्रीवर होते

महोदय,

संतोष करंडक फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्याला आपल्या १ जानेवारी २०२५च्या अंकात क्रीडा पानाच्या तळाशी चार ओळी मिळाल्या. पश्चिम बंगालने केरळला १-० असे हरवले, एवढेच त्यात होते. भरपाई वेळेत तो गोल करणाऱ्या रॉबी हंसदाचे नावही नव्हते. स्पर्धेत सर्वाधिक बारा गोल याच खेळाडूचे आहेत आणि बंगालचे हे ३३वे विजेतेपद आहे. १९४१ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय स्पर्धेची अशी बोळवण पाहून फार वाईट वाटले.

खरे दुःख मात्र वेगळेच आहे. डिसेंबरच्या मध्यापासून हे सामने हैदराबादेत चालू होते. सोलापूरकरांना हैदराबाद एका रात्रीचा प्रवास. आमच्या पूर्व भागात तर घरटी कुणीतरी नातलग तिकडे आहे. उपांत्य सामन्यांची तारीख आठवडाभर आधी आपल्या अंकात आली असती, तर गल्लीतली दहा-बारा पोरे घेऊन मी स्वतः गेलो असतो. केरळने मणिपूरला ५-१ असे हरवले, तो सामना त्यांनी डोळ्यांनी पाहिला असता. शिवाय अंतिम टप्प्यातील बारा संघांत महाराष्ट्र नव्हता. १९९९-२००० साली त्रिशूरला केरळलाच हरवून हा करंडक आणणारे आपले राज्य तिथवर का पोहोचले नाही, हा प्रश्नही आपल्या पानावर कुणी विचारला नाही.

वेळेवर न छापलेल्या बातमीने काय होते, हे मी घरात पाहिले आहे. सहा वर्षांपूर्वी जिल्हा संघाच्या निवड चाचणीची सूचना आपल्याच दैनिकात ‘आजचे कार्यक्रम’ या सदरात चाचणीच्या दिवशीच आली. माझा पुतण्या टॉवेल कारखान्यात रात्रपाळी करून सकाळी आठला घरी आला, तेव्हा ती माझ्या वाचनात आली. आदल्याच आठवड्यात त्याने बुटाचा उसवलेला तळ चांभाराकडून शिवून घेतला होता. नाड्या एकमेकींना बांधून ते बूट गळ्यात अडकवले आणि तोंडही न धुता तो सायकलवर निघाला. मैदानावर पोहोचला तेव्हा नावनोंदणी बंद झाली होती. दुपारी परतल्यावर त्याने बूट माळ्यावर टाकले, ते आजही तिथेच आहेत. आयोजकांनी सूचना उशिरा पाठवली की आपल्याकडे ती पडून राहिली, हे मला कुणी सांगितले नाही. मी दोनदा कार्यालयात येऊन विचारले होते.

आता त्याच्या मुलाला चेंडूचे वेड लागले आहे, पण आमच्या भागातले मैदान लग्नांच्या मांडवांना दिले जाते आणि मांडव उतरल्यावर खांबांचे खड्डे कुणी बुजवत नाही. गेल्या महिन्यात त्यातल्याच एका खड्ड्यात त्याचा पाय मुरगळला. याचीही बातमी व्हावी.

आपल्याकडे माझी एवढीच विनंती आहे की, जिल्हा व राज्य पातळीवरील फुटबॉल निवड चाचण्यांच्या सूचना किमान आठ दिवस आधी, ठरलेल्या वारी आणि ठरलेल्या जागी छापाव्यात. रात्रपाळी करणाऱ्या मुलांना पाळी बदलून घ्यायला तेवढा अवधी लागतो.

आपला,
एक नियमित वाचक,
अक्कलकोट रस्ता, सोलापूर