सबवूफर तुमचा, बॉक्स तुमचा, आणि वॉरंटी नाकारली ती 'चुकीचा बॉक्स' म्हणून

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: १२ इंची सबवूफरची वॉरंटी नाकारल्याबाबत लेखी तक्रार

आज दुपारी तुमच्या टोल फ्री नंबरवर पुन्हा बोललो. आता फोनवर बोलण्यात अर्थ उरलेला नाही, म्हणून हे पत्र. तक्रार क्रमांक, पावती, सर्व्हिस सेंटरचा शेरा आणि फोटो सोबत जोडले आहेत. ते आधी उघडून बघा, कारण फोनवर दर वेळी मला पहिल्यापासून सगळं सांगायला लावलंत.

मी गाडीसाठी तुमच्या अधिकृत विक्रेत्याकडून तुमचा १२ इंची सब, म्हणजे खोल बेसचा स्पीकर, ९,५०० रुपयांना घेतला. त्याच पावतीवर त्याच सबसाठी म्हणून विकला जाणारा तुमचा तयार पोर्टेड बॉक्स (हवा आत-बाहेर जायला पोर्ट म्हणजे पाइप असलेला) ४,८०० रुपयांना घेतला. बॉक्स सुताराकडून करून घेतलेला नाही, जुन्या बाजारातून उचललेला नाही. सबची कॉइल आतून घासायला लागली, खरखर यायला लागली, म्हणून पुण्याच्या सर्व्हिस सेंटरला दिला. त्यांनी तपासणीचे जीएसटीसकट ५९० रुपये घेतले आणि शेरा मारला: 'अयोग्य एन्क्लोजरमुळे मेकॅनिकल डॅमेज. वॉरंटी लागू नाही.'

अयोग्य एन्क्लोजर म्हणजे तुमचा बॉक्स. पुढच्या बाजूला तुमचा लोगो बसवलेला बॉक्स.

तुमच्या टेक्निशियनशी माझं भांडण नाही. त्याने लिहिलेलं कारण अगदी बरोबर आहे. स्पायडर (कॉइलला मधोमध धरून ठेवणारी लवचीक चकती) एका बाजूने सुटलाय, व्हॉइस कॉइलचा फॉर्मर (जिच्यावर तार गुंडाळतात ती नळी) खालच्या कडेला चेपलाय. कॉइल मागच्या प्लेटवर आपटल्याची ती खूण आहे. जास्त वॉटने कॉइल जळली असती तर काळी पडली असती, वास आला असता. इथे कॉइलचा रंग जसाच्या तसा आहे. म्हणजे सब जळला नाही, कोन (सबचा पुढचा हलणारा पडदा) हद्दीबाहेर हलला म्हणून तुटला. आणि तो हद्दीबाहेर का हलला, ते आता सांगतो. हे तुमच्या इंजिनिअरांना माहीत असणारच, पण तुमच्या ग्राहक सेवेत ते ऐकून घ्यायला कुणी तयार नाही.

तुमच्या माहितीपत्रकात या सबसाठी शिफारस छापली आहे: पोर्टेड बॉक्स, नेट व्हॉल्यूम (आतली मोकळी हवा) ५० लिटर, ट्युनिंग (ज्या फ्रिक्वेन्सीला पोर्टमधली हवा घुमते ती) ३५ हर्ट्झ. बॉक्सच्या खोक्यावरही मॉडेल नंबर घालून '५० लिटर, ३५ हर्ट्झ' असंच छापलंय. मी भोसरीत टूलरूममध्ये काम करतो, मापं घेणं हा माझा रोजचा उद्योग. बॉक्स बाहेरून ४५ बाय ३८ बाय ३० सेंटिमीटर आहे. गुणाकार करा, ५१ लिटर येतात. म्हणजे तुमचे ५० लिटर बाहेरच्या मापाचे आहेत. एमडीएफ (बॉक्सचा लाकडी बोर्ड) १८ मिलिमीटरचा, तो दोन्हीकडून वजा केला की आत राहतात ३७.६ लिटर. त्यातून पोर्टचा पाइप आणि कोपऱ्यातल्या पट्ट्या गेल्या.

नुसत्या हिशेबावर तुम्ही विश्वास ठेवणार नाही, हे ओळखून मी मोजूनही पाहिलं. सब काढला, पोर्टचं आतलं तोंड टेपने बंद केलं आणि बीन बॅगेतले थर्माकोलचे दाणे लिटरच्या मापाने ओतत गेलो. छत्तिसाव्या मापाला बॉक्स काठोकाठ भरला. त्याचे फोटो सोबत आहेत. सब आत बसला की तो स्वतः २.८ लिटर जागा खातो, हा आकडा तुमच्याच पत्रकातला. मग नेट व्हॉल्यूम उरलं साधारण ३३ लिटर. तुम्ही ५० सांगून ३३ दिलेत. तांदूळ पोत्याच्या वजनासकट विकले तर वैधमापनवाले दुकानदाराला दंड करतात. तुम्ही लाकडाची जाडी हवेच्या भावाने विकली आहे.

आता पोर्ट. आतला व्यास १० सेंटिमीटर, लांबी १५ सेंटिमीटर. पोर्टमधली हवा हे वजन आणि बॉक्समधली हवा ही स्प्रिंग. बॉक्स लहान झाला की स्प्रिंग कडक होते, पोर्ट आखूड झाला की वजन हलकं होतं, आणि दोन्हीमुळे ट्युनिंग वर चढतं. ५० लिटरला ३५ हर्ट्झ मिळवायचं तर या व्यासाचा पोर्ट साधारण ३१ सेंटिमीटर लांब हवा. तुमच्या बॉक्सची आतली खोली २६.४ सेंटिमीटर. म्हणजे शिफारशीतला पोर्ट या बॉक्समध्ये सरळ बसूच शकत नाही! त्याला कोपर देऊन वळवावा लागला असता. तुम्ही तो अर्ध्यावर कापला आणि विषय संपवला. ३३ लिटरमध्ये ३५ हर्ट्झ हवं असेल तर हाच पोर्ट ५१ सेंटिमीटर लागेल. आत्ता तुमच्या बॉक्सचं ट्युनिंग येतं ते ५६-५७ हर्ट्झ.

हेही करून पाहिलं. गाडी ज्यांच्याकडे वायरिंगला दिली होती, त्यांच्याकडे याच मॉडेलचा चालू सब डेमोला होता. तो या बॉक्समध्ये बसवला, आवाज बेताचा ठेवला आणि फोनवरून टोन देत वरून एकेक हर्ट्झ खाली आलो. पोर्टेड बॉक्समध्ये ट्युनिंगच्या फ्रिक्वेन्सीला कोन जवळजवळ थांबतो आणि सगळं काम पोर्टमधली हवा करते. कोन थांबला ५७ ला. पोर्टपाशी हात धरला तर वारा लागत होता. तिथून ४५ ला उतरलो तर कोन असा आत-बाहेर व्हायला लागला की सराउंड (कोनाभोवतीची लवचीक कड) ताणलेला डोळ्यांना दिसत होता, आणि आवाज मात्र वाढायच्या ऐवजी कमी झाला. ट्युनिंगच्या खाली कोनाला बॉक्समधल्या हवेचा आधार राहत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. गाण्यातला बेस ४० ते ५० च्या पट्ट्यात भरपूर असतो. म्हणजे प्रत्येक गाण्यात हा सब तुमच्या बॉक्समध्ये निराधार हलत होता.

तुमच्या पत्रकात सबसॉनिक फिल्टर (ठरवलेल्या हर्ट्झच्या खालचा बेस अडवणारा) ३० हर्ट्झला ठेवा असं लिहिलंय. मी ३० लाच ठेवला होता. ३५ ला ट्यून केलेल्या बॉक्सला ते योग्य आहे. ५७ ला ट्यून झालेल्या बॉक्समध्ये ३० ते ५७ हा सगळा पट्टा उघडा पडतो. अ‍ॅम्प ३०० वॉट आरएमएसचा (म्हणजे सलग देता येणारी ताकद), तुमचा सब ३५० चा. सेटिंग तुमचं, वॉट तुमच्या मर्यादेत, बॉक्स तुमचा. माझं त्यात काय होतं?

आता आजच्या फोनबद्दल. हा तपशील मुद्दाम देतोय, रेकॉर्डिंग काढून ऐका.

मी नेट व्हॉल्यूमबद्दल विचारलं. तुमचे प्रतिनिधी म्हणाले, "सर, बॉक्स पन्नास लिटरचाच आहे, सिस्टीममध्ये दिसतंय." मी म्हटलं, ते बाहेरचं माप आहे, आतलं सांगा. ते म्हणाले, "सर, आतलं-बाहेरचं एकच असतं." मी शांतपणे १८ मिलिमीटर जाडीचा हिशेब सांगितला. मग ते म्हणाले, "तुम्ही बेस फुल ठेवला असणार." मी म्हटलं, बूस्ट शून्यावर होता, सर्व्हिस सेंटरने अ‍ॅम्पचा फोटो काढलाय. त्यावर ते म्हणाले, "मग बॉक्समध्ये फायबर भरा सर, व्हॉल्यूम वाढतं." अहो, सीलबंद बॉक्समध्ये फायबर भरून हवा थोडी मोठी भासवता येते, कागदावर जास्तीत जास्त ४० टक्के, प्रत्यक्षात त्याहून बरंच कमी. पोर्टेड बॉक्समध्ये ठासून भरलं तर पोर्टच मेला. आणि ४० टक्के धरले तरी ३३ चे ४६ होतात, ५० नाही. शिवाय सब आधीच तुटलाय! तुटलेल्या सबच्या मागे कापूस भरून काय होणार?

मी म्हटलं, वरिष्ठांना जोडून द्या. त्यांनी "होल्ड करतो" म्हणून सांगितलं, पण होल्ड केलं नाही. मला स्वच्छ ऐकू आलं: "काका यूट्यूब बघून आलेत. दोन मिनिटं ऐकून घे, मग ठेवतील." मागे कुणीतरी हसलं. मग वरिष्ठ म्हणून जे आले, त्यांनी मला विचारलं, "सर, तुम्ही इंजिनिअर आहात का?" मी म्हटलं, नाही, पण व्हर्निअर वाचता येतो. ते म्हणाले, "मग टेक्निकल गोष्टी टेक्निकल लोकांवर सोडा. बॉक्स आमचा असला तरी मॅचिंग बघणं ही कस्टमरची जबाबदारी आहे." आणि फोन ठेवला.

मॅचिंग ही ग्राहकाची जबाबदारी. मग खोक्यावर सबचा मॉडेल नंबर कशाला छापलात? '५० लिटर, ३५ हर्ट्झ' कशाला छापलंत? मॅचिंग मलाच करायचं होतं तर मी ४,८०० रुपये कशाचे दिले? तेवढ्यात मी चांगल्या प्लायचा बॉक्स स्वतः उभा राहून करून घेतला असता, आणि आतलं माप बरोबर आलं असतं.

सबला कुठला बॉक्स लागतो हे आज कुणाला अंदाजाने ठरवावं लागत नाही. नेव्हिल थिएल यांनी ऑस्ट्रेलियात १९६१ साली पोर्टेड बॉक्सचं गणित मांडलं, रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ते पूर्ण केलं. त्या दोघांच्या नावाचा, सबच्या मोजलेल्या गुणधर्मांचा तक्ता तुम्ही प्रत्येक सबच्या पत्रकावर छापता: एफएस, क्यूटीएस, व्हीएएस. तो तक्ता बॉक्स जुळवण्यासाठीच असतो. तुमच्या सब बनवणाऱ्या विभागाने तो प्रामाणिकपणे मोजून छापलाय, शिफारसही योग्य केली आहे. बॉक्स बनवणाऱ्यांनी ती वाचलीच नाही, डिक्कीत मावेल असं खोकं केलं आणि सबच्या विभागाचं काम मातीत घातलं. याचा मला माझ्या पैशांइतकाच राग आहे. सब चांगला होता. बरोबर बॉक्समध्ये तो वर्षानुवर्षं वाजला असता.

माझ्या पहिल्या गाडीत तुमचेच सहा इंची दाराचे स्पीकर होते. गाडी विकली तेव्हाही ते चालू होते. त्या विश्वासावर मी या वेळी दुसरीकडे चौकशीसुद्धा केली नाही. माझ्या भाच्याने नवी गाडी घेतली आहे, तो मला विचारूनच सिस्टीम बसवणार होता. त्याला तुमचं नाव आता मी सांगू शकत नाही.

मला हवंय ते असं. सब नवीन द्या. बॉक्सचे ४,८०० रुपये परत करा. बदली बॉक्स नको, कारण तोही ३३ लिटरचाच येईल. तपासणीचे ५९० परत करा. ज्या दोषाची तपासणी झाली तो तुमचा होता. आणि खोक्यावरचा '५० लिटर, ३५ हर्ट्झ' हा मजकूर दुरुस्त करा, किंवा बॉक्स दुरुस्त करा. हे शेवटचं मी माझ्यासाठी मागत नाही. हा बॉक्स आजही दुकानात त्याच सबशेजारी मांडलेला आहे आणि ज्यांनी तो नेला त्या सगळ्यांचे सब असेच तुटणार आहेत. त्यांनाही तुम्ही अयोग्य एन्क्लोजर म्हणूनच परत पाठवणार का?

तुम्हाला माझी मापं चुकीची वाटत असतील तर तसं लेखी कळवा. बॉक्सचं नेट व्हॉल्यूम आणि ट्युनिंग किती आहे, ते कसं मोजलं, हे तुमच्या तांत्रिक अधिकाऱ्याच्या सहीने पाठवा. "सिस्टीममध्ये दिसतंय" हे उत्तर चालणार नाही.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत हे झालं नाही तर मी पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जातोय. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे मी राहतो तिथेच तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. सदोष वस्तू, दिशाभूल करणारी जाहिरात आणि सेवेतली त्रुटी, तिन्ही मुद्दे त्यात असतील. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर मी आजच नोंद करतोय. पुरावा म्हणून सगळ्यात वर जोडणार आहे तो तुमच्याच सर्व्हिस सेंटरचा शेरा, तुमच्या शिक्क्यासह: नुकसान अयोग्य एन्क्लोजरमुळे झालं. आणि त्याखाली त्या एन्क्लोजरची तुमचीच पावती.

तुटलेला सब आणि बॉक्स माझ्याकडे जपून ठेवलाय. तुमचा माणूस पाठवायचा असेल तर आधी कळवून पाठवा, आणि मोजपट्टी घेऊन पाठवा.

तुमचा ग्राहक,
पिंपरी-चिंचवड

सोबत: पावतीची प्रत, सर्व्हिस सेंटरचा शेरा, तपासणी शुल्काची पावती, मापांचे फोटो, तक्रार क्रमांकांची यादी