लढण्यास नकार देणाऱ्या सैनिकांची चित्रे सरकारने रंगवून घ्यावीत

माननीय संस्कृतिमंत्री, युनायटेड किंग्डम, यांसी,
सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

जॉन सिंगर सार्जंट यांनी १९२२ मध्ये रंगवलेले पहिल्या महायुद्धातील २२ ब्रिटिश सेनाधिकाऱ्यांचे समूहचित्र नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीच्या संग्रहात आहे. फ्रान्समधील ब्रिटिश फौजांचे सरसेनापती सर डग्लस हेगही त्यात आहेत. ज्या सोळा जणांची देहदंडाची शिक्षा याच हेग यांनी १९१६ मध्ये आधी कायम केली आणि मग दहा वर्षांच्या सक्तमजुरीत बदलली, त्यांचे तैलचित्र सरकारने कधी रंगवून घेतल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

सक्तीच्या भरतीच्या कायद्यामुळे हे सोळा जण कागदोपत्री सैनिक ठरले होते. पण शस्त्रच काय, लष्कराचे कोणतेही काम हाती घेण्यास त्यांनी नकार दिला, म्हणून त्यांना यॉर्कशरमधील रिचमंडच्या किल्ल्यात कोंडून नंतर फ्रान्सला नेण्यात आले. रिचमंडच्या त्या कोठड्यांच्या चुन्याने सारवलेल्या भिंतींवर कैद्यांनी पेन्सिलीने लिहिलेल्या ओळी आणि काढलेले चेहरे अजून दिसतात. त्या सोळांपैकी बर्ट ब्रॉकल्सबी यांनी आपल्या वाग्दत्त वधूचे चित्र तिथे रेखाटले. ओल धरल्याने चुन्याचे पोपडे सुटतात आणि त्यांच्याबरोबर रेषाही जातात.

नकाराचे चित्र होऊच शकत नाही, असे मात्र नाही. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात ग्लिन फिलपॉट यांनी १९१७ मध्ये रंगवलेले कवी सिगफ्रिड ससून आहेत. अंगात गणवेश नाही, पांढऱ्या सदऱ्याची कॉलर उघडी आहे आणि नजर भलतीकडे वळलेली आहे. त्याच उन्हाळ्यात ससून यांनी युद्ध लांबवले जात असल्याचा जाहीर निषेध करून कामावर परतण्याचे नाकारले. ते शौर्यपदक मिळवलेले अधिकारी होते आणि त्यांच्या पाठीशी वजनदार मित्र होते, त्यामुळे त्यांची रवानगी कोर्टमार्शलऐवजी रुग्णालयात झाली. पुढच्या वर्षी ते आघाडीवर परतलेही. चित्र कोणाच्या वाट्याला येते, हे यावरून उघड व्हावे.

गॅलरीच्या विश्वस्तांनी काय घ्यावे हे आपण ठरवू शकत नाही, याची मला कल्पना आहे. सरकारी कलासंग्रह मात्र थेट आपल्या खात्याकडे आहे आणि त्यातली चित्रे मंत्रालयांत व दूतावासांत लागतात. ज्यांची छायाचित्रे उपलब्ध आहेत, अशा नकार देणाऱ्यांची व्यक्तिचित्रे या संग्रहासाठी आजच्या चित्रकारांकडून करून घ्यावीत. चेहऱ्याभोवती हौतात्म्याचे तेज नको; खाली नाव, हुद्दा आणि झालेली शिक्षा एवढेच असावे. लढून मेलेल्यांचा यात अवमान होतो, असा आक्षेप येईलच, पण त्यांची स्मारके गावोगावी उभी आहेत आणि त्यांतली एकही ओळ कोणी पुसायला सांगत नाही.

पहिले चित्र संरक्षण मंत्रालयातच लावावे, अशी विनंती.

आपला विश्वासू,
ब्रिटनमध्ये राहणारा एक मराठी नागरिक